खुब्याचे दुखणे नेमके कुठून येते, हे हाताने तपासून कसे कळते?

वाटसरू:

नमस्कार. गेले सात महिने माझी उजवी बाजू दुखते आहे. ‘बाजू’ असे मोघम लिहावे लागते, कारण दुखते कुठे हे सांगताना माझाच गोंधळ उडतो. कधी कुल्ल्यात खोलवर ठणकते, कधी मांडीच्या पुढच्या अंगाने कळ गुडघ्यापर्यंत उतरते, आणि बराच वेळ बसून उठले की पहिली चार-पाच पावले लंगडतच टाकावी लागतात. माझे वय ५४ आहे. मी कुठे पडलेले नाही, ताप आलेला नाही, वजनही घटलेले नाही. सुरुवातीलाच कमरेचा एम.आर.आय. काढला, त्यात मणक्यांमधल्या सर्वांत खालच्या दोन चकत्या थोड्या बाहेर आल्याचे निघाले आणि तेव्हापासून सगळे उपचार कमरेवरच होत राहिले. कमरेची जुनी कुरकुर त्यामुळे काहीशी कमी झाली, परंतु चालताना येणारी कळ जशीच्या तशी आहे.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी एम.आर.आय.चे पाकीट न उघडता टेबलावर ठेवले, मला अनवाणी चालायला लावले, एका पायावर उभे केले, मग उताणे निजवून पाय निरनिराळ्या तऱ्हेने वळवून पाहिला. त्यातल्या एका हालचालीत त्यांनी गुडघा पोटाकडे दुमडून माझे पाऊल हळूहळू बाहेरच्या बाजूला नेले आणि त्या क्षणी जांघेत ओळखीची कळ आली. “हीच का?” असे त्यांनी विचारले. हीच होती. सगळे तपासून झाल्यावर ते म्हणाले, की कमरेच्या चित्रात जे दिसते ते असेलही, परंतु चालताना होणाऱ्या या दुखण्याचा उगम बहुधा खुब्याच्या सांध्यात आहे, तेव्हा आता खुब्याचा एक्स-रे काढू.

डॉक्टरांवर माझा अविश्वास नाही. मला हे समजून घ्यायचे आहे, की जो सांधा इतका खोल आहे की बाहेरून हाताला लागतही नाही, त्याच्याविषयी केवळ पाय वळवून इतके कसे सांगता येते? आणि आपल्याला जांघेत दुखते आहे असे मला सात महिन्यांत एकदाही वाटले नव्हते, मग कळ तिथे का उमटली? जाणकारांनी सवडीने लिहावे, ही विनंती.

जुना अस्थिशल्यक:

ताई, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे लागेल. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना हीच तपासणी शिकवली. त्यांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट करायला सांगत असे: रुग्णाला ‘खुबा दुखतो’ असे म्हणू द्या, पण तेवढ्यावर काही लिहू नका, आधी त्याला बोट ठेवायला सांगा. आपल्याकडे ‘कंबर’ म्हणताना कोणी पाठीचा खालचा भाग दाखवतो, कोणी कुल्ला दाखवतो, आणि ‘खुबा’ म्हणताना बहुतेक जण मांडीच्या बाहेरच्या बाजूला लागणाऱ्या टणक हाडावर हात ठेवतात. खुब्याचा खरा सांधा मात्र त्या हाडापासून बराच आत, जांघेच्या घडीच्या मागे आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा ओटीपोटाच्या हाडातील खोल वाटीत बसतो, म्हणून त्याला उखळीचा सांधा म्हणतात. या सांध्यातील दुखणे सर्वांत जास्त वेळा जांघेत जाणवते, काही वेळा मांडीच्या पुढच्या अंगाला, कुल्ल्यात किंवा गुडघ्यात. काही रुग्ण बोट न ठेवता अंगठा मागे आणि चार बोटे पुढे जांघेकडे अशी हाताची कमान करून सगळा खुबाच मुठीत धरल्यासारखा दाखवतात. दुखणे खोल आहे, त्याला एका बोटाने दाखवता येत नाही, असे तो हात सांगत असतो. तुम्ही पुन्हा कधी दुखणे दाखवाल, तेव्हा आपला हात कसा ठेवला जातो याकडे जरूर पाहा.

आता गुडघ्याविषयी. ज्या नसांच्या फांद्या खुब्याच्या सांध्याला संवेदना देतात, त्यांच्याच फांद्या गुडघ्यालाही जातात. जॉन हिल्टन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १९ व्या शतकात नियम मांडला, की सांध्याला हलवणाऱ्या स्नायूंना जी नस पुरवठा करते, तीच त्या सांध्यालाही फांदी देते. मांडीच्या पुढची आणि आतली नस खुब्यावरून गुडघ्याकडे उतरत असल्यामुळे मेंदूला पत्ता चुकीचा कळू शकतो. दुखण्याची जागा आणि दुखण्याचा उगम यांत इतके अंतर पडते, म्हणूनच तपासावे लागते.

तुम्हाला चालायला लावले, तेव्हा डॉक्टर तुमच्या पायाइतकेच तुमच्या खांद्यांकडेही पाहत असणार. ज्या पायावर भार दिला की दुखते, त्यावर माणूस नकळत कमी वेळ उभा राहतो आणि दुसरे पाऊल घाईने टाकतो. दुसरा एक प्रकार असा, की दुखऱ्या पायावर भार येताच धड त्याच बाजूला झुकते. हे वरवर उलटे वाटते, कारण दुखऱ्या बाजूला झुकल्याने भार वाढायला हवा. परंतु एका पायावर उभे राहताना ओटीपोटाची दुसरी बाजू खाली पडू नये म्हणून बाजूच्या स्नायूंना मोठी ओढ द्यावी लागते, आणि त्या ओढीमुळे सांध्यावरचा दाब शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास जातो. धड सांध्यावर आणले की स्नायूंना इतके ओढावे लागत नाही आणि दाब उतरतो. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरायला सांगतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

एका पायावर उभे करण्याची चाचणी फ्रिडरिक ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये वर्णन केली. उजव्या पायावर उभे राहिल्यावर ओटीपोटाची डावी बाजू खाली गेली, तर उजव्या बाजूचे स्नायू तिला धरून ठेवायला अपुरे पडत आहेत. ते स्नायू किंवा त्यांची नस दुबळी असेल, सांधा निखळलेला किंवा बसका झाला असेल, किंवा दुखण्यामुळे स्नायूंनीच माघार घेतली असेल. चाचणीतून दुबळेपणा कळतो, त्याचे कारण पुढच्या तपासणीतून शोधावे लागते.

मग निजवून केलेली तपासणी, जिच्यात तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. पाय सरळ ठेवून मांडीवर दोन्ही तळवे टेकवायचे आणि पाटावर लाटणे फिरवावे तशी ती हलकेच आत-बाहेर लोळवायची. या हालचालीत कंबर हलत नाही, कमरेतून पायात जाणारी नस ताणली जात नाही, रुग्णाला स्नायू आवळावे लागत नाहीत. हलतो तो फक्त उखळीतला माथा. एवढ्या हलक्या हालचालीने जांघेत कळ आली, तर सांध्याविषयीचा संशय बळावतो. कळ आली नाही म्हणून मात्र सांधा निर्दोष ठरत नाही, कारण थोडेसे बिघडलेले सांधे एवढ्याने तक्रार करत नाहीत.

त्यानंतर येते ती तुम्ही वर्णन केलेली हालचाल. गुडघा आणि खुबा दोन्ही काटकोनात धरून पाऊल बाहेर नेले, की मांडीचे हाड आत फिरते. नवे विद्यार्थी इथे हमखास चुकतात, पाऊल बाहेर गेले म्हणून ‘बाहेर फिरवले’ असे लिहितात. मांडी आत फिरण्याची ही मर्यादा निरोगी खुब्यात साधारण ३० ते ४० अंश असते, आणि सांध्याची झीज सुरू झाली की बहुधा हीच हालचाल सर्वांत आधी कमी होते. १९९१ मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने खुब्याची झीज ओळखण्यासाठी जे निकष दिले, त्यांतही आत फिरणे १५ अंशांपेक्षा कमी असणे आणि खुबा ११५ अंशांपलीकडे न वाकणे, यांना स्थान आहे. पण अंश मोजताना एक सावधगिरी पाळावी लागते. दुसरा हात ओटीपोटाच्या समोरच्या हाडावर ठेवून ते हलू लागले की तिथेच थांबायचे. नाहीतर सांधा दहा अंश फिरतो, उरलेले वीस अंश सगळे ओटीपोटच फिरते, आणि कागदावर निरोगी सांध्याचा आकडा लिहिला जातो. मी असे कागद पुष्कळ पाहिले आहेत.

‘हीच का?’ हा प्रश्न त्या तपासणीचा गाभा होता. जोर लावला तर कोणाचाही पाय कुठे ना कुठे दुखतो. रोज त्रास देणारी कळ, तिच्या जागेसह आणि तिच्या जातीसह, एका ठरावीक हालचालीने उठवता आली, तरच त्या हालचालीला अर्थ येतो. तुम्ही म्हणता की जांघेत दुखते असे कधी वाटले नव्हते. कदाचित दिवसभरात ते मांडीत पसरत असल्यामुळे त्याचा आरंभ कुठे होतो, हे लक्षात आले नसेल.

कमरेच्या चकत्यांविषयीही एक विचार करा. सर्वांत खालच्या दोन चकत्यांनी नस दाबली, तर कळ सहसा कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या किंवा बाहेरच्या अंगाने गुडघ्याच्या खाली, पावलापर्यंत जाते. मांडीच्या पुढच्या अंगाला कळ यायची, तर त्याहून वरच्या नसा गुंतायला हव्यात. तुमच्या दुखण्याचा रस्ता आणि तुमच्या चित्रातल्या चकत्या यांची गाठ नीट पडत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पाय सरळ उचलून आणि पालथे निजवून गुडघा दुमडून नसाही ताणून पाहिल्या असतील.

भौतिकोपचारक:

डॉक्टरांनी सांध्याविषयी लिहिले आहे, त्यात मी बाहेरच्या बाजूची भर घालते, कारण माझ्याकडे ‘खुबा दुखतो’ म्हणून येणाऱ्यांपैकी अनेकांचे दुखणे सांध्यात नसतेच. मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर कुल्ल्याच्या दोन स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, चिकटतात. पूर्वी या जागेच्या दुखण्याला सरसकट तिथल्या पाणपिशवीची सूज म्हणत असत. सोनोग्राफी आणि एम.आर.आय. आल्यावर लक्षात आले, की बहुतेकांत मुख्य बिघाड कंडरांमध्येच असतो. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांत हा त्रास विशेष आढळतो. त्या कुशीवर झोपता येत नाही, खालचा पाय निजल्यावर दाबला जातो म्हणून दुखतो आणि वरचा पाय पुढे पडून ओढला जातो म्हणूनही दुखतो. जिना चढताना आणि एका पायावर रेलून उभे राहताना कळ येते.

यांना मी एक साधा प्रश्न विचारते: मोजे घालताना काय होते? कंडरांचा त्रास असलेली व्यक्ती पाय वर घेऊन मोजा बहुधा सहज चढवते. सांधा झिजलेल्या व्यक्तीचा हात पावलापर्यंत पोचतच नाही. ती पाय मागे दुमडून आंधळेपणाने मोजा ओढते, किंवा घरातल्या कोणाला तरी हाक मारते. वाटसरू ताई, तुमचे काय होते, ते कळवा.

तपासताना मी कुशीवर निजवून त्या उंचवट्यावर अंगठ्याने दाबते, आधी न दुखणाऱ्या बाजूला आणि मग दुखऱ्या बाजूला, तेवढ्याच जोराने. ही जागा पुष्कळ निरोगी लोकांतही दाबली की दुखते, त्यामुळे दुखले तर फार काही सिद्ध होत नाही. मुळीच दुखले नाही, तर मात्र उगम तिथे असण्याची शक्यता बरीच कमी होते. त्याहून अधिक उपयोगी म्हणजे दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभे करणे. तोल जाऊ नये म्हणून एक बोट भिंतीला टेकवू द्यायचे, आणि घड्याळाकडे पाहत थांबायचे. पहिल्या दहा सेकंदांत काहीच होत नाही, विसाव्या सेकंदाच्या आसपास रुग्णाचा चेहरा बदलतो आणि हात आपोआप त्या उंचवट्याकडे जातो, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. घाईच्या तपासणीत ही कळ हाती लागतच नाही.

एक चाचणी मला विशेष प्रिय आहे, कारण तीत हालचाल एकच आणि उत्तरे तीन मिळतात. उताणे निजून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, पायांचा आकार इंग्रजी चारच्या आकड्यासारखा होतो, आणि मग दुमडलेला गुडघा खाली दाबायचा. ह्यू पॅट्रिक या अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञाने १९१७ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला पॅट्रिकची चाचणी म्हणतात; खुबा वाकवणे, फाकवणे आणि बाहेर वळवणे यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला फेबर चाचणीही म्हणतात. जांघेत दुखले तर सांध्याकडे, कमरेखालच्या खळीच्या जागी मागे दुखले तर माकडहाडाच्या वर, पाठकण्याचा तळ ओटीपोटाच्या हाडाला जिथे जोडला जातो त्या सांध्याकडे, म्हणजे ज्याला सॅक्रोइलियाक म्हणतात त्याकडे, आणि बाहेरच्या उंचवट्यावर ओढ बसली तर कंडरांकडे लक्ष वळते. गुडघा दाबताना मी मुद्दाम काहीच सुचवत नाही, फक्त “कुठे?” एवढेच विचारते. “जांघेत दुखते का?” असे विचारले, की रुग्ण भिडेखातर हो म्हणतो. सॅक्रोइलियाक सांध्याचा संशय आला, तर मात्र एका चाचणीवर विसंबू नये. त्याच्यासाठी दाबाच्या अनेक चाचण्या आहेत आणि त्यांपैकी निदान तीन चाचण्यांनी तीच कळ उठवली, तरच त्याचे नाव घ्यावे.

बाकीच्या काही गोष्टी लवकर पाहून होतात, पण विसरू नयेत. बसताना टेकणाऱ्या हाडावरचे दुखणे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या मुळाचे असू शकते. बाहेरच्या मांडीवर तळहाताएवढी जागा बधिर होऊन आग होत असेल आणि ताकद शाबूत असेल, तर त्वचेची एक नस कमरपट्ट्यापाशी दबत असते. खोकल्यावर जांघेत फुगवटा आला, तर ते काम हर्नियाचे आहे, माझे नाही.

गुडघ्याची वाट:

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. ‘दुखण्याची जागा आणि दुखण्याचा उगम’ हे वाक्य वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. माझा डावा गुडघा दीड वर्ष दुखत होता. गुडघ्याचे एक्स-रे झाले, दोन इंजेक्शने झाली, वाटीवर पट्टा बांधून मी कामावर जात राहिलो. गुडघा कधी सुजला नाही, दाबला तर कुठे दुखत नसे, आणि मला खुब्यात तर काहीच जाणवत नव्हते. शेवटी एका फिजिओथेरपिस्टने मला निजवले, गुडघा हाताच्या ओंजळीत न हलेल असा धरून ठेवला, आणि नुसता खुबा आत फिरवला. कळ गुडघ्यात आली. गुडघा तर त्यांच्या हातात स्थिर होता! ते मला त्या वेळी समजले नाही, पण त्यांनी लगेच खुब्याचा एक्स-रे काढण्यासाठी चिठ्ठी लिहून दिली आणि सांध्याची पुष्कळ झीज निघाली. ज्यांचा गुडघा दुखतो पण गुडघ्यात काही सापडत नाही, त्यांनी खुबा तपासून घेतल्याशिवाय राहू नये, असे मला मनापासून वाटते.

अभ्यासू:

मी वैद्यकीय शाखेच्या शेवटच्या वर्षात आहे. सर, आम्हाला शिकवतात की खुबा वाकवून, मांडी मधल्या रेषेकडे नेऊन आत फिरवली आणि जांघेत दुखले, म्हणजे फॅडिर चाचणी सकारात्मक आली, तर उखळीच्या कडेचा कूर्चेचा पट्टा, अर्थात लॅब्रम, फाटला आहे किंवा हाडाला हाड घासते आहे असे समजावे. ते कितपत धरून चालावे? आणि इतके करूनही एम.आर.आय. करायचाच असेल, तर आधी तोच का करू नये?

जुना अस्थिशल्यक:

फॅडिर चाचणी सांध्यातील बिघाड सहसा निसटू देत नाही, पण ती सांध्याच्या बाहेरच्या दुखण्यालाही पुष्कळदा ‘हो’ म्हणते. म्हणून तिचा उपयोग उलट्या बाजूने करावा. ती पूर्ण केली आणि काहीच दुखले नाही, तर सांध्यावरचा संशय बराच कमी होतो. दुखले, तर एवढेच म्हणावे की सांध्याकडे पाहण्यास कारण आहे. लॅब्रमचे नाव त्या एका चाचणीवर घेऊ नये.

एम.आर.आय. आधी का नको, याचे उत्तर या ताईंच्याच प्रश्नात आहे. ज्यांना कसलेही दुखत नाही अशा प्रौढांच्या कमरेच्या चित्रांत फुगलेल्या चकत्या सर्रास दिसतात, आणि त्यांच्या खुब्यांच्या चित्रांत फाटलेले लॅब्रमही वारंवार दिसते. चित्रात झीज, फाटणे, सूज दिसेल, पण यातले दुखते कोणते, हे त्यावर लिहिलेले नसते. ते रुग्णाच्या शरीराला विचारावे लागते, आणि विचारण्याची रीत म्हणजे ही तपासणी. आधी तपासले असते, तर कदाचित पहिला एक्स-रे खुब्याचाच निघाला असता.

अभ्यासू, तुम्ही परीक्षेसाठी थॉमसची चाचणी पाठ केली असेल, पण ती कधी सावकाश करून पाहा. ह्यू ओवेन थॉमस हे १९ व्या शतकातील लिव्हरपूलचे अस्थिचिकित्सक होते, आणि क्षयाने आखडलेले खुबे त्या काळी नित्य दिसत. खुबा वाकलेल्या स्थितीत आखडला, तरी निजल्यावर रुग्ण कमरेची कमान वाढवून पाय सरळ दाखवतो, आणि पाहणाऱ्याची फसगत होते. चांगला गुडघा छातीशी घट्ट आवळायला लावला, की कमरेची कमान मोडते, आणि दुखऱ्या पायाची मांडी आपोआप गादीवरून उचलली जाते. आपला तळवा कमरेखाली ठेवलेला असेल, तर कमान मोडल्याचा तो क्षण हाताला कळतो. मांडी जितकी उचलली गेली, तितका आखडलेला कोन. शरीर एका सांध्यातली उणीव दुसऱ्या सांध्यात झाकते, हे मला याहून स्पष्ट दाखवणारी दुसरी चाचणी नाही.

आता ज्या स्थितीत ही सगळी तपासणी क्रमाने करत बसू नये, तिच्याविषयी लिहिणे माझे कर्तव्य आहे. लहान मूल अचानक लंगडू लागले, पाय टेकेनासे झाले आणि सोबत ताप असला, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता त्याच दिवशी तपासली गेली पाहिजे. असे मूल खुबा किंचित वाकवून, बाहेर फाकवून आणि बाहेर वळवून पडून राहते, कारण त्या स्थितीत सांध्याच्या आवरणात द्रवाला सर्वांत जास्त जागा मिळते. वयात येणाऱ्या मुलाचा गुडघा किंवा मांडी दुखत असेल, तो लंगडत असेल आणि खुबा वाकवताना पाय आपोआप बाहेर वळत असेल, तर मांडीच्या हाडाचा माथा वाढीच्या रेषेवरून घसरत असू शकतो. त्याला चालू देऊ नये, तातडीने एक्स-रे काढावा. वृद्ध व्यक्ती पडल्यानंतर तिचा पाय आखूड दिसत असेल आणि बाहेर वळून पडला असेल, तर कोणतीही हालचाल करून पाहू नका. हाड मोडूनही तुकडे एकमेकांत रुतून बसले, तर अशी व्यक्ती चालतेही, आणि पहिला एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, म्हणून पडल्यानंतर जांघ दुखत राहिली तर पुढची तपासणी मागून घ्यावी. आणि लांब पल्ल्याच्या धावपटूची जांघ भार दिला की दुखत असेल, तर ‘एका पायावर उडी मारून दाखव’ असे कोणीही सांगू नये. मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा असेल, तर त्या एका उडीने ते हाड मोडू शकते.

दीर्घकाळ स्टेरॉईड घेतलेल्या किंवा फार मद्यपान करणाऱ्या व्यक्तीच्या जांघेतील दुखण्यात माथ्याचा रक्तपुरवठा तुटल्याचा विचार करावा लागतो. तिथे सुरुवातीचा एक्स-रे साफ असतो, तेव्हा एम.आर.आय. खरोखर हवा असतो.

वाटसरू:

तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोज्यांविषयी विचारले होते. मी गेले काही महिने पलंगावर बसून पाय मागे घेऊन मोजा घालते, आणि ते दुखण्यामुळे आहे हे मला तुमचे उत्तर वाचेपर्यंत सुचलेही नव्हते. आरशासमोर उभे राहून दुखणे दाखवून पाहिले, तर हाताची तीच कमान झाली, अंगठा मागे आणि बोटे जांघेकडे.

एक्स-रे झाला. उजव्या सांध्यातील फट डाव्यापेक्षा अरुंद आहे आणि कडेला हाड थोडे वाढलेले आहे. तरीही डॉक्टर म्हणाले, की कमरेच्या चित्राविषयी आपण जी शंका घेतली तीच या चित्राविषयीही घ्यायला हवी, आणि कमरेचीही कुरकुर असल्यामुळे खात्री करून घेणे बरे. त्यांनी सोनोग्राफीत पाहत पाहत सांध्यात बधिर करणारे औषध दिले, वीस मिनिटे बसवून ठेवले, आणि मग पहिल्या दिवशी केलेली प्रत्येक हालचाल त्याच क्रमाने पुन्हा केली. पाऊल बाहेर नेले, तेव्हा मी सवयीने श्वास रोखून धरला होता, पण कळ आलीच नाही. खुर्चीवरून उठून सरळ चालत दारापर्यंत गेले आणि परत आले. कमरेत मागच्या बाजूला जे दुखते, ते मात्र तसेच होते. डॉक्टरांनी कागदावर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळींवर लिहिल्या.

औषधाचा अंमल संध्याकाळपर्यंत उतरला आणि कळ परत आली. आता खुब्यासाठी व्यायाम सुरू करायचे ठरले आहे, आणि काठी डाव्या हातात धरायची.